एमिलीमामीचा पसारा

डोर्ले: मामा, सावली! तुझी सावली पडतेय त्याच्यावर. मागे हो.

गॉटहिल्फ: झालो की मागे.

डोर्ले: अजून. तुझी टोपी येतेय फोटोत.

गॉटहिल्फ: टोपी काढू?

डोर्ले: काही काढू नकोस, काही घालू नकोस, हलूच नकोस. मिशा हलवायला लागलाय तो. उडाला की गेला माझा शनिवार. स्टुटगार्टहून पहाटे निघालेय मी, पोटात कॉफीशिवाय काही नाही.

गॉटहिल्फ: नाही उडत. माझ्या सरपणाच्या थप्पीवरचे निळे भुंगे असे उगाच उडत नाहीत. दर जुलैत येतात, ऊन चढलं की येतात, आणि ऐसपैस बसतात. शेजारी युजेनकडे का नाही जात? त्याची थप्पी बघितलीस? दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी. आणि माझी बघ. ओळंबा लाव कुठेही. एक ओंडका पुढे नाही, एक मागे नाही.

डोर्ले: मामा, हळू बोल ना.

गॉटहिल्फ: का? भुंग्याला कान असतात?

डोर्ले: मला असतात. हे बघ, पुन्हा हललेला आला फोटो. तो युजेन काय कापतोय सकाळपासून? त्याच्या करवतीने इथली लाकडंसुद्धा थरथरतायत.

गॉटहिल्फ: कापतोय काहीतरी. कापू दे.

एमिली: डोर्ले! अगं डोर्ले! मिळाला का?

गॉटहिल्फ: आली खिडकीत. खुबा मोडल्यापासून जिना उतरता येत नाही, पण खिडकी मात्र बरोबर गाठते. एमिली, आत जाऊन बस! वारं लागेल!

एमिली: जुलै महिना आहे, गॉटहिल्फ. मिळाला का म्हणून विचारतेय मी.

डोर्ले: मिळतोय, मामी! जरा धीर धर!

एमिली: धीरच धरून बसलेय. यंदा एकही दिसला नाही मला. थप्पी बरोबर खिडकीखाली, वाकून बघायला गेले तर हा मागून गाऊन धरतो.

गॉटहिल्फ: पडशील म्हणून धरतो!

डोर्ले: ओरडू नका दोघं! सरकला... सरकला तो. आता आडवा झाला. अहाहा. काय निळा आहे मामा! आभाळात राख मिसळल्यासारखा. आणि त्यावर हे काळे ठिपके, मखमलीचे. मिशांना गोंडे बघ, काळे काळे. तुला सांगते, माझ्या फोटोच्या क्लबातली माणसं आठवडेच्या आठवडे जंगलात पोटावर सरपटतात याच्यासाठी. आणि तुझ्याकडे हा घराच्या भिंतीला येऊन बसतो.

गॉटहिल्फ: व्यवस्थित काम असलं की येतात. फोटोत थप्पी पूर्ण येऊ दे हां. नुसता भुंगा नको. तिच्या पलंगासमोर लावायचाय, मोठा करून. खिळासुद्धा ठोकून ठेवलाय मी.

डोर्ले: फोटोच्या आधी खिळा?

गॉटहिल्फ: मग? अंगणही झाडून घेतलं काल. नळी लावून धुतलं. बादल्या आत, फावडी आत. आणि तिचा तो शेळ्यांच्या खोपटामागचा पसारा, तोही हलवला आज सकाळी. नर्सबाई तिला अंघोळ घालत होत्या ना, तेवढ्यात युजेनने ट्रेलर लावला आणि नेला उचलून.

डोर्ले: मामीचा लाकडांचा ढीग? पण तो कुठे येणार होता फोटोत? खोपटाच्या मागे आहे तो.

गॉटहिल्फ: मागे असला तरी असतोच ना! मला माहीत असतं की तो तिथे आहे. वर्षानुवर्षं भांडतोय मी तिच्याशी. किडके, भोकं पडलेले ओंडके, वेडेवाकडे टाकलेले. काड्यापेटी सांडल्यासारखी दिसायची ती जागा. हात लावू द्यायची नाही.

डोर्ले: लहानपणी आम्ही त्यावर चढलो तर रट्टे द्यायची. भाऊ तर अजून सांगतो, मामीचा हात किती जड आहे ते.

गॉटहिल्फ: तेच ते. आता युजेन बारीक कापून देतोय. हिवाळ्याआधी शेगडीला येईल. तिला नको सांगूस एवढ्यात. मागचा हिवाळा फार वाईट गेला तिला. आल्बच्या डोंगरावरची थंडी तुला माहीत नाही, तू शहरात राहतेस. रात्र रात्र पाय चोळायचो मी तिचे, तरी गार. म्हटलं यंदा सरपण कमी पडायला नको.

एमिली: काय कुजबुज चाललीय खाली? माझ्याबद्दल बोलताय!

डोर्ले: तुझ्या हाताबद्दल, मामी!

एमिली: अजून जड आहे म्हणावं!

डोर्ले: मामा, थांब. हे काय करतोय हा? नाही... हा नाही, ही. ही मादी आहे. मिशा आखूड आहेत जरा. मघापासून मी नरच धरून चाललेय.

गॉटहिल्फ: काय करतेय?

डोर्ले: शेपटाचं टोक त्या भेगेत घातलंय. थांब, थांब, थांब... मिळाला. मिळाला! हा बघ. इथे, पडद्यावर. थांब, मोठं करून दाखवते.

गॉटहिल्फ: चष्मा... हां. बाई गं! केवढी दिसतेय. पण हे मागे काय? काय खुपसलंय तिने?

डोर्ले: अंडी घालतेय, मामा.

गॉटहिल्फ: माझ्या लाकडात?

डोर्ले: हो.

गॉटहिल्फ: एमिली! अगं एमिली, ऐकलंस का! निळी माझ्या थप्पीत अंडी घालतेय! माहेरपणाला आली आहे!

एमिली: ओरडू नकोस, रस्त्यावर ऐकू जातंय.

गॉटहिल्फ: जाऊ दे की! बघितलंस, डोर्ले? म्हणूनच येतात इथे. बीचच्या झाडाचंच लाकूड, उन्हात, कोरडं, नीट रचलेलं. मग पिल्लं कधी निघतात? पुढच्या जुलैत?

डोर्ले: नाही... वेळ लागतो.

गॉटहिल्फ: किती?

डोर्ले: अळी आतल्या आत लाकूड खात राहते. तीन वर्षं. कधी चार.

गॉटहिल्फ: चार वर्षं! ऐषच आहे मग. चार वर्षं फुकट राहणं, फुकट खाणं.

डोर्ले: मामा, ही थप्पी कधी जाळतोस तू?

गॉटहिल्फ: ही? दोन उन्हाळे वाळवतो. त्याच्या आत जाळलं तर धूर होतो. दोन उन्हाळे वाळलं की... 

डोर्ले: हं.

गॉटहिल्फ: थांब. दोन उन्हाळे.

डोर्ले: मामा, जाऊ दे. चल, आत जाऊन केक खाऊ.

गॉटहिल्फ: जाऊ दे काय? दोन वर्षांनी मी जाळतो आणि त्यांना लागतात तीन-चार. म्हणजे एकही बाहेर येत नाही?

डोर्ले: या थप्पीतून... नाही.

गॉटहिल्फ: एकही नाही?

डोर्ले: असं बऱ्याच ठिकाणी होतं, मामा. त्यांना उन्हातलं बीचचं लाकूड दिसलं की ती येतात. त्यांना काय माहीत हे सरपण आहे.

गॉटहिल्फ: लग्न झाल्यापासून इथेच रचतोय मी. याच भिंतीला. मुद्दाम दक्षिणेकडे, लवकर वाळावं म्हणून. दर जुलैत इथे उभा राहून बघतो, लोकांना बोलावून दाखवतो, या, माझे निळे बघा. आणि दर हिवाळ्यात... अगं, मी काय केलं हे?

डोर्ले: तुला कुठे माहीत होतं?

गॉटहिल्फ: त्याने त्यांना काय फरक पडतो? घर म्हणून आली ती. कशी बसलीय बघ, निर्धास्त. तो फोटो बंद कर. नको दाखवूस तिला. तिला कळलं तर शेगडी पेटवू देणार नाही.

एमिली: काय नाही पेटवू देणार मी?

गॉटहिल्फ: काही नाही!

एमिली: डोर्ले, तू सांग. याचा आवाज असा रडका झाला की काहीतरी मोडलेलं असतं.

डोर्ले: मामी, ती अंडी घालते ना... त्याबद्दल बोलत होतो.

एमिली: मग? दरवर्षी घालते.

गॉटहिल्फ: तुला माहीत होतं?

एमिली: सरपण आत कोण आणत होतं इतकी वर्षं? तू रचायचास, आणायची मी. शेगडीपाशी एक ओंडका फोडला तर आतून ही एवढी पांढरी अळी पडली. टोपलीत ठेवली, बघत बसले तिच्याकडे. मग आणखी सापडायला लागल्या. ज्याच्यातून भुसा गळतो, ज्याला भोक आहे, तो ओंडका शेगडीत घालायचा नाही, असं ठरवूनच टाकलं मी.

डोर्ले: मग काय करायचीस त्याचं?

एमिली: काय करणार? खोपटामागे नेऊन टाकायची. तिथे दुपारभर ऊन असतं. एकदा माझ्या डोळ्यांसमोर निघाला एक. आधी नुसतं तोंड, मग मिशा, आणि मग सगळा निळा. मी कपडे वाळत घालत होते, हातातली चादर चिखलात पडली. हा मला म्हणतो, पसारा आहे. पसारा! अरे, तुझ्या थप्पीवर दर जुलैत जे येऊन बसतात ते कुठून येतात असं वाटलं तुला? आभाळातून?

डोर्ले: मामा.

गॉटहिल्फ: हं.

डोर्ले: मामा, युजेन काय कापतोय?

एमिली: तेच विचारणार होते मी. शनिवारी दुपारी, लोकांच्या विश्रांतीच्या वेळेला करवत लावलीय, लाज नाही. काय कापतोय तो? गॉटहिल्फ? माझ्याकडे वर बघ.

डोर्ले: मी जाते! मामा, कॅमेरा धर. नाही, असू दे, गळ्यातच राहू दे. मी पळते!

गॉटहिल्फ: त्याने कानांवर ते झाकण लावलेलं असतं, ऐकायचा नाही! समोरून जा! मागून हात लावू नकोस, करवत चालू आहे!

एमिली: गॉटहिल्फ.

गॉटहिल्फ: ऐकलं.

एमिली: माझी लाकडं?

गॉटहिल्फ: मी... अंगण आवरत होतो. डोर्ले येणार, फोटो काढणार. म्हटलं नीट दिसावं.

एमिली: नीट!

गॉटहिल्फ: आणि तुला थंडी वाजते म्हणून. खरंच सांगतो, एमिली. मागच्या हिवाळ्यात तू दात वाजवत पडून होतीस आणि मागे चांगलं बीचचं लाकूड कुजत होतं. मला बघवत नव्हतं.

एमिली: मला विचारायचंस.

गॉटहिल्फ: तू नाही म्हणाली असतीस.

एमिली: म्हणूनच विचारायचं असतं!

गॉटहिल्फ: आणि तू? तू का नाही सांगितलंस मला? इतकी वर्षं एका ताटात जेवतो आपण, आणि एक शब्द नाही!

एमिली: सांगितलं असतं तर काय केलं असतंस तू? मी सांगते काय केलं असतंस. त्याच दिवशी शेगडी बंद. स्वतः तीन स्वेटर घालून बसला असतास आणि मला पाच घातले असतेस. तुझं अर्ध्यावर काही असतं का? सगळं जाळायचं नाही तर काहीच जाळायचं नाही. मी आपली भोकाचे वेगळे काढायची, बाकीचे जाळायची. जेवढे वाचले तेवढे वाचले.

गॉटहिल्फ: तरी सांगायचंस.

एमिली: आणि दुसरं एक होतं.

गॉटहिल्फ: काय?

एमिली: तू जुलैत ज्या थाटात उभा राहायचास त्या थप्पीसमोर. हात मागे बांधून. पाद्रीबुवांनासुद्धा पकडून आणायचास. तुला वाटायचं, ते तुझं रचणं बघायला येतात. तोंडावर काय तेज असायचं! ते घालवायचं माझ्या जिवावर आलं. बस.

गॉटहिल्फ: मूर्ख ठरवलंस मला.

एमिली: खूष ठेवलं तुला. फरक आहे.

गॉटहिल्फ: ...करवत थांबली.

एमिली: ऐकलं. पोचली असेल ती.

गॉटहिल्फ: किंवा संपलं असेल.

एमिली: असं बोलू नकोस.

गॉटहिल्फ: सकाळपासून चालू आहे ती, एमिली. त्याची करवत चांगली आहे. मीच म्हटलं त्याला, बारीक कर, आमच्या शेगडीचं तोंड लहान आहे.

एमिली: डोर्ले दिसतेय का?

गॉटहिल्फ: कुंपण आडवं येतंय. तुला वरून दिसेल की!

एमिली: मला युजेनचं छप्परच दिसतंय. आणि त्याची बायको दारात उभी आहे, कमरेवर हात ठेवून. म्हणजे भांडण चालू आहे. भांडण चालू आहे म्हणजे काहीतरी उरलंय.

गॉटहिल्फ: खिडकीतून एवढी वाकू नकोस गं! मी वर नाहीये धरायला.

एमिली: मग उभा काय राहिलास? जा ना तिकडे!

गॉटहिल्फ: आणि सगळं कापून झालं असलं तर?

एमिली: आली! पळत येतेय. हातात काहीतरी आहे.

डोर्ले: थांबला... थांबला तो. दम खाऊ दे. निम्म्याहून जास्त कापून झालंय, मामी.

एमिली: निम्म्याहून जास्त.

डोर्ले: खालचे मोठे ओंडके शिल्लक आहेत. त्यांना भोकंच भोकं आहेत. कापलेलंही सगळं आणायला सांगितलंय मी, तुकड्यांतसुद्धा जिवंत असतील काही. हा बघ, मामा. मधोमध कापलाय, पण आतल्या या अळीच्या एक बोट अलीकडून गेलं पातं.

गॉटहिल्फ: हीच ती? एवढी जाड?

डोर्ले: हात नको लावूस. बघ नुसती.

गॉटहिल्फ: हलतेय.

एमिली: मला दाखव! वर धर! ...हो. हीच. अशीच पडली होती माझ्या टोपलीत.

गॉटहिल्फ: ही निळी होणार?

डोर्ले: राहू दिली तर.

गॉटहिल्फ: युजेन काय म्हणाला?

डोर्ले: म्हणाला, तुमच्या घरात सगळे सटकलेत. सकाळी न्या म्हणता, दुपारी आणा म्हणता. ट्रेलर लावतोय पुन्हा. भाड्याच्या बदल्यात चेरीचा केक मागितलाय.

एमिली: अर्धाच देईन. दुपारच्या वेळेला करवत चालवतो म्हणजे काय.

डोर्ले: आणि मामा, ही थप्पी. उन्हाळ्यात हिच्यावर बारीक जाळी टाकायची. मग माद्या बसणार नाहीत, सगळ्या ढिगाकडे जातील. सोपं आहे.

गॉटहिल्फ: आणि जी आत्ता बसली आहे? तिने घातली ती?

डोर्ले: या वर्षीची अंडी नेमकी कुठे असतील, सांगता येणार नाही. बहुतेक या उन्हाकडच्या बाजूला.

गॉटहिल्फ: मग ही अख्खी बाजू ढिगात जाईल.

एमिली: आला मूळ स्वभावावर! सांगितलं नव्हतं मी? आता शेगडी बंद होणार!

गॉटहिल्फ: बंद नाही. कमी. पण तुझी ती वरची खोली तापवायला एवढं लाकूड पुरणार नाही, एमिली. खोटं कशाला बोलू?

एमिली: ...नाही पुरणार.

गॉटहिल्फ: मी म्हटलं होतं एकदा, पलंग खाली स्वयंपाकघरात, शेगडीपाशी आणू. तू म्हणालीस, बाईमाणूस स्वयंपाकघरात झोपायला आलं की पुढचा मुक्काम थेट चर्चच्या मागे, कबरीत.

एमिली: माझ्या आईचं तसंच झालं.

गॉटहिल्फ: माहीत आहे. म्हणून पुन्हा नाही म्हटलं.

डोर्ले: मामी, मी हीटर आणून देते. विजेचा.

एमिली: नको. त्याला वास येतो. गॉटहिल्फ, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं?

गॉटहिल्फ: अंगण. रस्ता. तुला काय माहीत नाही?

एमिली: आणि दुपारी ऊन कुठे असतं?

गॉटहिल्फ: अंगणातच. मधोमध.

एमिली: मग ढीग मधोमध टाक. खिडकीसमोर. मी खाली येते झोपायला, उचलून आणा मला.

गॉटहिल्फ: अंगणात? रस्त्यावरून दिसेल असा? एमिली, उद्या रविवार आहे! अख्खं गाव चर्चला जातं इथून! काय म्हणतील लोक?

एमिली: म्हणतील, गॉटहिल्फचं डोकं फिरलं. तू त्यांना बोलावून दाखव. म्हणावं, या, माझे निळे बघा.

गॉटहिल्फ: तुझे.

एमिली: बरं, आपले.

डोर्ले: ट्रेलर आला. मामा, तू त्या बाजूने धर. हा मोठा आधी.

(अंगणात लाकडं उतरवल्याचा आवाज. बराच वेळ.)

एमिली: थांब. काय करतोयस तू?

गॉटहिल्फ: रचतोय.

एमिली: रचू नकोस. टाक.

गॉटहिल्फ: टाकतोयच की.

डोर्ले: मामा, कडा जुळवतोयस तू.

गॉटहिल्फ: मी नाही जुळवत, हात जुळवतात. आयुष्य गेलं त्यांचं त्यात.

एमिली: मधून हवा जायला हवी, ऊन जायला हवं. तो बघ, पुन्हा सरळ ठेवलास. डोर्ले, त्याला लाथ मार.

डोर्ले: मामाला?

एमिली: ओंडक्याला!

गॉटहिल्फ: तो मुद्दाम ठेवलेला नव्हता. जमत नाही मला हे, एमिली. तूच सांग कसं टाकायचं.

एमिली: डोळे मीट.

गॉटहिल्फ: काय पोरखेळ आहे!

एमिली: मीट म्हणते ना.

गॉटहिल्फ: मिटले.

एमिली: हातात आहे ना एक?

गॉटहिल्फ: आहे. जड आहे. भोकांचा.

एमिली: सोड आता.

गॉटहिल्फ: ...सोडला. कसा पडला?

एमिली: वाकडा. छान पडलाय. राहू दे तसाच.